तुलनेचा धडा : मराठी, इंग्रजी आणि थोडं इटालियन



आजचा विषय आहे ‘डिग्रीज ऑफ कंपॅरिझन’. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. आपल्यापैकी इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा धडा घेतला असेल, आणि पालकांनो, तुम्ही तो कधीतरी घोकला असेल. मीही वीसेक वर्षं नेऱ्याच्या आसपास मराठी माध्यमाच्या मुलांना तो शिकवत आले. तो धडा आपण कसा चुकीचा शिकवला हे मात्र मला इटालियन शिकताना कळलं. हसू नका, सांगते.

माझा एक जुना विद्यार्थी प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. जहाज इटलीच्या कंपनीचं आणि मोठा शेफही तिकडचाच. गेल्या मे महिन्यात त्याचा मोबाईलवर आवाजी निरोप आला. “बाई, इथं सगळे इंग्रजीत बोलतात, ते मला जमतं. पण शेफ चिडला की इटालियन सुरू करतो. ‘प्यू साले’, ‘मेनो ओल्यो’ असं ओरडतो. पहिल्या आठवड्यात मला वाटलं शिवीच देतोय. साले म्हणजे मीठ निघालं बाई! प्यू म्हणजे जास्त, मेनो म्हणजे कमी. एवढं कळतं. पण ह्याच्यापेक्षा ते जास्त, त्याच्यापेक्षा हे कमी, असं पूर्ण वाक्य कसं बोलायचं ते शिकवा ना.”

आता मला इटालियन कुठून येणार? पण ‘शिकवा ना बाई’ म्हटल्यावर ‘मला येत नाही’ म्हणवत नाही, हा आपला सगळ्यांचाच रोग. सुट्टी होती. एक जुनं व्याकरणाचं पुस्तक मिळवलं, मोबाईलवर उच्चार ऐकले आणि दुपारी पंख्याखाली बसून त्याच्या एक धडा पुढे राहायचं असं ठरवलं.

पहिलंच वाक्य तयार केलं : ‘लुई ए प्यू आल्तो दी मे.’ म्हणजे ‘तो माझ्याहून उंच आहे’. शब्द सुटे करून पाहा. लुई म्हणजे तो, ए म्हणजे आहे, प्यू म्हणजे अधिक, आल्तो म्हणजे उंच, दी मे म्हणजे माझ्याहून. वहीत हे लिहिलं आणि थांबले. ‘उंच’ला काहीच झालेलं नव्हतं! इंग्रजीत टॉलचं टॉलर होतं, विशेषणाच्या अंगावरच शेपूट चढतं. इटालियनमध्ये विशेषण आहे तसंच राहतं. बदललं तर फक्त लिंग-वचनाप्रमाणे, म्हणजे मुलगा आल्तो, मुलगी आल्ता, मुलगे आल्ती, मुली आल्ते. आपल्या ‘मोठा, मोठी, मोठे, मोठ्या’सारखंच. तुलनेचं काम करतात बाजूचे दोन छोटे शब्द, ‘प्यू’ आणि ‘दी’.

मराठीतही असंच नाही का? ‘राजू उंच आहे’ आणि ‘राजू माझ्यापेक्षा उंच आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘उंच’ तोच. बदल होतो तो ‘मी’मध्ये, त्याचं ‘माझ्यापेक्षा’ होतं. म्हणजे आपल्याकडे तुलनेचा सगळा भार विशेषणावर न पडता ज्याच्याशी तुलना करायची त्याच्यावर पडतो. आपण तर ‘प्यू’सुद्धा गाळतो. ‘माझ्यापेक्षा अधिक उंच’ म्हणायची गरजच नसते, ‘माझ्यापेक्षा उंच’ने भागतं.

हे वाचून तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय? नवीन काहीच नाही, आणि तीच तर गंमत. इतकी वर्षं मी मुलांना ‘मोअर टॉलर’ लिहिल्याबद्दल लाल शाईने गोल करत होते आणि ती असं का लिहितात हे कधी विचारलंच नव्हतं. मुलाच्या डोक्यात आधी ‘जास्त उंच’ असतं. ‘जास्त’चं झालं मोअर. मग बाईंनी पाठ करून घेतलेल्या तक्त्यातून आलं टॉलर. त्याने आपली भाषाही पाळली आणि माझा तक्ताही पाळला. (शेक्सपिअरच्या काळात इंग्रजीतही अशी दुहेरी तुलना सर्रास चालायची. तेव्हा आपली मुलं फार तर चारशे वर्षं उशिरा आली.)

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘टॉलर फ्रॉम मी’. तीही मला या ‘दी’मुळे उलगडली. इटालियन ‘दी’ म्हणजे एरवी आपलं ‘चा-ची-चे’. ‘सोनो दी पनवेल’ म्हणजे ‘मी पनवेलचा’. मूळ गाव सांगायला जो शब्द, तोच तुलनेला. आता आपला ‘हून’ बघा. ‘पनवेलहून आलो’ आणि ‘माझ्याहून उंच’, प्रत्यय एकच. हिंदीतही ‘दिल्ली से आया’ आणि ‘मुझ से लंबा’. म्हणजे आपल्या मनात तुलना हा एक प्रवास असतो. माझ्यापासून निघायचं आणि वर जायचं. भिंतीवर माझ्या डोक्याची खूण आहे, तिथून पुढे चार बोटं गेलं की राजूची खूण. ‘माझ्याहून उंच’ याचा अर्थ शब्दशः एवढाच. असा विचार करणाऱ्या मुलाने ‘फ्रॉम मी’ लिहिलं तर ती चूक आहेच, पण ती निर्बुद्धपणाची नाही. आता मी फळ्यावर ‘हून’, ‘से’, ‘दी’ आणि ‘दॅन’ असे चार शब्द एकाखाली एक लिहिते. इंग्रजीने या कामासाठी वेगळाच शब्द ठेवलाय एवढंच सांगायचं असतं. लाल गोलांची संख्या खरंच कमी झाली.

आमच्याकडच्या काही मुलांच्या घरी आजी ‘तुझ्यापरीस’ म्हणते. पूर्वी मी ते दुरुस्त करायचे. आता त्यालाही फळ्यावर जागा असते.

जहाजावरच्या मुलाची शिकवणी पुढे सरकली. ‘दी’ कळल्यावर ‘के’ आला. दोन माणसं किंवा दोन वस्तू समोरासमोर उभ्या असतील तर ‘दी’. एकाच गोष्टीबद्दल दोन गुण किंवा दोन जिन्नस तोलायचे असतील तर ‘के’. ताटात भाकरीपेक्षा भात जास्त, असं म्हणायला ‘प्यू रीझो के पाने’ (भाकरी नसल्यामुळे पावावर भागवलं). मराठीत दोन्हीकडे ‘पेक्षा’च, त्यामुळे त्याला हे पटायला वेळ लागला. सारखेपणा दाखवायला ‘तांतो... क्वांतो’. उच्चारून पाहा, आपलं ‘जितका... तितका’च वाटतं. मग आले ते अनियमित दादा. बुओनो म्हणजे चांगला, पण अधिक चांगला म्हणजे मिल्योरे आणि अत्युत्तम म्हणजे ओत्तिमो. वाईटाचं कात्तीवो, पेज्जोरे, पेस्सिमो. गुड-बेटर-बेस्टसारखंच. त्याने दुसऱ्याच दिवशी शेफला ऐकवलं, ‘प्यू मिल्योरे’. म्हणजे ‘अधिक जास्त चांगलं’. शेफ चिडायच्या ऐवजी हसत सुटला, म्हणाला, ही चूक तर आमच्याकडची पोरंही करतात. ते खरंच आहे, इटलीतल्या शाळांतही या ‘प्यू मिल्योरे’वर लाल शाई खर्च होते. त्या रात्री मला एकदम हलकं वाटलं. जगभर सगळे मोअर बेटर!

आपणही काही कमी नाही बरं का. ‘श्रेष्ठतम’ हा शब्द निमंत्रणपत्रिकांवर किती वेळा वाचतो? ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सर्वांत चांगला. संस्कृतातला ‘इष्ठ’ हा प्रत्यय तमभावाचाच आहे. ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ हे सगळे त्याच कुळातले आणि इंग्रजीचं ‘एस्ट’ हे त्याचं दूरचं भावंड. त्याला वर ‘तम’ लावलं की झालं ‘मोस्ट बेस्ट’. ‘उत्तम’मधला ‘तम’ही तोच, म्हणून ‘सर्वोत्तम’मध्ये आपण दोनदा सर्वांत वर चढतो. माझा आवडता शब्द मात्र ‘स्वादिष्ट’. मूळ संस्कृत ‘स्वादिष्ठ’, म्हणजे सर्वांत गोड, आणि इंग्रजी ‘स्वीटेस्ट’ त्याचा सख्खा चुलतभाऊ. हे आठवीच्या वर्गात सांगून पाहा. पुढचे दोन दिवस शालेय पोषण आहाराची खिचडी ‘स्वीटेस्ट’ होते.

आता जे सांगायला बसले ते सांगते. मघापासून टाळतेय.

तेरा-चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीचा वर्ग, हाच धडा. प्रशिक्षणात सांगितलं होतं की पुस्तकातली उदाहरणं देऊ नका, वर्गातली जिवंत उदाहरणं द्या. मला ते फार आवडलं. तीन मुलांना पुढे बोलावलं आणि उंचीप्रमाणे उभं केलं. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. वर्ग खूश. मग उलट बाजूने शॉर्ट, शॉर्टर, शॉर्टेस्ट. तिसरा मुलगा खरोखरच वर्गात सगळ्यात लहानखुरा होता. मी फळ्यावर त्याचं नाव लिहून पुढे लिहिलं, ‘इज द शॉर्टेस्ट बॉय इन द क्लास.’ व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष वाक्य. ‘द’ विसरू नका म्हणून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. आणि गृहपाठ दिला : हे वाक्य पाच वेळा लिहा.

चाळीस मुलांनी त्याचं नाव पाच-पाच वेळा लिहिलं. त्यानेही लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव शॉर्ट्या पडलं. मला ते माहीत होतं. मला त्यात मजाच वाटली होती, मुलांच्या तोंडी इंग्रजी शब्द बसला म्हणून. दहावी होऊन तो गेला, मी विसरले.

गेल्या वर्षी जुलैमध्ये पनवेलहून नेऱ्याकडे यायला निघाले होते. धो धो पाऊस, गाढी नदी दुथडी भरलेली, रिक्षा मिळेना. एक टेम्पो थांबला. “बाई, बसा.” चांगला उंच, दाढी राखलेला तरुण. मी ओळखलं नाही. थोडं पुढे गेल्यावर तोच म्हणाला, “बाई, मी द शॉर्टेस्ट बॉय इन द क्लास.” त्यातला ‘द’ बरोबर होता.

तो हसत होता. मला हसता येईना. मग त्यानेच गप्पांच्या ओघात सांगितलं की आठवी-नववीची दोन वर्षं तो रोज संध्याकाळी घराच्या पडवीतल्या वाश्याला लोंबकळायचा. हाताला फोड यायचे. आईने विचारलं तर व्यायाम करतो म्हणायचा. इंग्रजीच्या तासाला उत्तर येत असलं तरी उभं राहायचं नाही, कारण उभं राहिलं की मागून आवाज यायचा. अकरावीत असताना आपोआप उंची वाढली. “उगाच लोंबकळलो बाई,” म्हणाला. तक्रारीचा सूरच नाही. मला नेरे नाक्यावर सोडलं, पैसे घेतले नाहीत.

मी तेव्हा त्याला काय म्हणायला हवं होतं ते मला त्या वेळी सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं, तसं सगळं घरी आल्यावरच सुचतं.

विचार केला तर त्या वाक्यात व्याकरणाचा दोष नव्हता, पण खोटेपणा होता. तेरा वर्षांच्या मुलाची उंची म्हणजे जूनमधल्या भाताचं रोप. कुणाचं आधी उठतं, कुणाचं नंतर. जूनमध्ये मोजलेली गोष्ट मी फळ्यावर कायमची करून टाकली. ‘आज’ हा शब्द त्या वाक्यात कुठेच नव्हता.

तेव्हापासून मुलांना पुढे उभं करणं मी बंद केलं. मग उदाहरणं कुठली? खिडकीबाहेर भरपूर आहेत. नेऱ्यातून पूर्वेला पाहिलं की माथेरानचा लांबलचक सपाट माथा दिसतो, उजव्या हाताला प्रबळगड आणि त्याला चिकटून कलावंतिणीचा सुळका. मी विचारते, उंच कोण? सुळका टोकदार म्हणून निम्मा वर्ग कलावंतीण म्हणतो. मग आकडे देते. माथेरान साधारण ८०० मीटर, प्रबळगड साधारण ७००, कलावंतीण त्याहून किंचित कमी, आणि पनवेलच्या दक्षिणेचा कर्नाळा साधारण ४४०. आता बनवा वाक्यं. डोंगर चिडत नाहीत आणि त्यांना टोपणनावं पडत नाहीत.

याच डोंगरांवर ‘सर्वांत’ही शिकवता येतं, आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं. ‘सर्वांत उंच’ म्हटलं की पहिला प्रश्न : कुठल्या सर्वांत? कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. कुंपण थोडं मोठं करा, पूर्ण पश्चिम घाट घ्या, की केरळातली अनैमुडी पुढे येते, २६९५ मीटर. आणखी मोठं करा, एव्हरेस्ट, ८८४८.८६. कळसूबाई तसूभरही खचली नाही, आपण फक्त कुंपण हलवलं. इटालियनमध्ये हे कुंपण वाक्यातच येतं : ‘इल प्यू आल्तो देल्ला क्लास्से’, म्हणजे वर्गातला सर्वांत उंच. कंपॅरेटिव्हच्या आधी नुसता ‘इल’ लावला की सुपरलेटिव्ह तयार, वेगळा तक्ता नाहीच. इंग्रजीतलं ‘इन द क्लास’ मुलं गाळतात, कारण आपण ते शेवटचं फालतू शेपूट असल्यासारखं शिकवतो. मी हल्ली मुलांना आधी कुंपण लिहायला लावते आणि मग शिखर.

परीक्षेत येणारं रूपांतरही यातूनच सोपं होतं. ‘मुंबई महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं शहर’, ‘मुंबई महाराष्ट्रातल्या इतर कुठल्याही शहरापेक्षा मोठी’, ‘महाराष्ट्रात मुंबईइतकं मोठं दुसरं शहर नाही’. आधी तिन्ही वाक्यं मराठीत बोलायची. तिसरं वाक्य तर मुलं घरी रोज ऐकतात, ‘आजीसारखी कोलंबी कुणाला जमत नाही’. त्याचंच ‘नो अदर... अ‍ॅज बिग अ‍ॅज’ होतं. अडचण फक्त ‘वन ऑफ द बिगेस्ट’ची, कारण ‘सर्वांत मोठ्यांपैकी एक’ हे वर्तमानपत्री मराठी मुलांच्या कानाला मुळात ओळखीचंच नाही. सर्वांत मोठा एकच असणार ना बाई, असं एका मुलीने मला विचारलं आणि तिचं बरोबरच आहे. तिथे मी सरळ सांगते, ही इंग्रजीची सवय, पाठ करून टाका.

‘कमी’चंही तसंच. इटालियन ‘मेनो आल्तो’ म्हणतं, इंग्रजी ‘लेस टॉल’. आपण ‘कमी उंच’ म्हणत नाही. म्हणतो, ‘तो माझ्याइतका उंच नाही’. किंवा बाजू पालटून ‘मी त्याच्यापेक्षा उंच’. मराठीला खाली उतरणारी तुलना फारशी आवडत नाही असं मला वाटतं. हा माझा अंदाज, कुणी व्याकरणाचा जाणकार खोडून काढेल तर आनंदच आहे.

आता पालकांसाठी एक शब्द. ‘पेक्षा’ हा आला कुठून? संस्कृतातल्या ‘अपेक्षा’पासून. एखाद्या गोष्टीकडे बघून, तिच्या तुलनेत, असा तिथे त्याचा एक अर्थ होता. ‘सापेक्ष’मध्ये तो अजून शिल्लक आहे. म्हणजे ‘अपेक्षा’ आणि ‘पेक्षा’ एकाच घरातले. पालकसभेला हे दोघे हटकून जोडीने येतात. प्रगतिपुस्तकावर नंबर छापणं बंद झालं तरी “बाई, वर्गात कितवा?” हा प्रश्न बंद झालेला नाही. “शेजारच्या मुलीपेक्षा कमी का?” हाही नाही. मी कुणाला दोष देत नाही, मी स्वतः चाळीस वह्यांमध्ये पाच-पाच वेळा ते केलंय.

पण इटालियनमध्ये मला आणखी एक सुपरलेटिव्ह सापडला, तो कुणाशीही तुलना करत नाही. विशेषणाला ‘इस्सिमो’ लावायचं. आल्तीस्सिमो, बेल्लीस्सिमो. म्हणजे उंचच उंच, सुंदरच सुंदर. कुणापेक्षा? कुणापेक्षाच नाही. इंग्रजीत याला ‘व्हेरी’ लावून काम भागवतात. मराठीत मात्र आपला खजिना बघा! हिरवंगार, पांढरंशुभ्र, काळंकुट्ट, पिवळंधमक, लालभडक, थंडगार, नवंकोरं, गोडमिट्ट, लांबच लांब. इटालियनचं एकच शेपूट सगळ्यांना चालतं, आपल्याकडे प्रत्येकाचं शेपूट वेगळं. काळंधमक म्हणून पाहा, पहिलीतलं मूलही हसेल. आणि नुसत्या आवाजावर, ‘मोठ्ठा’ म्हणून, अक्षरावर जोर देऊनही होतं. मी याचा एक पूर्ण तास घेते. मुलं घरून शब्द आणतात, कुणी शेतातून, कुणी स्वयंपाकघरातून. वाडीवरच्या एका मुलीने ‘अंधारगुडूप’ आणला. तो आतापर्यंतच्या यादीतला मला सगळ्यात आवडलेला शब्द आहे... बघा, इथेही मी ‘सगळ्यात’ केलंच.

तर तुलना नको असं माझं म्हणणं नाही. तुलनेशिवाय मोजमाप नाही, गणित नाही, भाजी घेता येत नाही. वर्गात मी आता ती मुलाची त्याच्याशीच करवते. दाराच्या चौकटीवर जूनमध्ये प्रत्येकाची पेन्सिलीची खूण, बाजूला नाव न लिहिता फक्त त्यानेच निवडलेलं चिन्ह. फेब्रुवारीत दुसरी खूण. मग वाक्य : ‘आय अ‍ॅम टॉलर दॅन आय वॉज इन जून.’ या वाक्यात ‘दॅन’ही येतो, भूतकाळही येतो आणि वर्गातला प्रत्येकजण टॉलर असतो. दोन मुलांच्या खुणा गेल्या वर्षी अजिबात हलल्या नाहीत. त्यांनी लिहिलं, ‘अ‍ॅज टॉल अ‍ॅज आय वॉज इन जून’. एकाने वर कंसात लिहिलं होतं, ‘बट माय हेअर इज लाँगर’. पैकीच्या पैकी गुण दिले.

जहाजावरच्या मुलाची गोष्ट राहिली. सुपरलेटिव्हचा धडा पाठवला त्या रात्री त्याने लगेच वाक्य बनवून पाठवलं, ‘इल प्यू बास्सो देल्ला क्लास्से’. वर्गातला सर्वांत बुटका. आणि खाली लिहिलं, “बाई, हे आपल्या शॉर्ट्याला पाठवतो.” आठवीत त्या रांगेत मधे उभा होता तो हाच, ‘शॉर्टर’. मी ताबडतोब फोन केला, तिकडे किती वाजलेत हेही पाहिलं नाही. म्हटलं, ते पाठवू नकोस. “का बाई? मजेत घेतो तो.” मी त्याला वाश्याची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाला, “हे आम्हाला कधीच बोलला नाही.” थोड्या वेळाने पुन्हा, “आता तर तोच आमच्यात उंच आहे. माझ्याहून चार बोटं.” म्हटलं, मग ते पाठव.

पंधरा दिवसांनी नेरे नाक्यावर टेम्पो उभा होता. त्याने हाक मारली आणि मोबाईल पुढे केला. जहाजावरून आलेला निरोप होता, त्याने तो मला ऐकवला : ‘लुई ए प्यू आल्तो दी मे.’

“बाई, हा इटलीत जाऊन काय बरळतोय?”

मी म्हटलं, “तो माझ्याहून उंच आहे.”

“कोण कोणाहून?”